प्रॉम्प्टरची पेन्सिल

“काका, ही एका दमात ‘निघून जा’ म्हणते आणि ‘थांब ना’ही म्हणते. हिला हवंय तरी काय?” तालमीत नव्या नायिकेनं विचारलं.

प्रॉम्प्टर दामूकाकांनी नाटकाची जुनी प्रत तिच्या हातून घेतली. छापील वाक्य होतं, ‘निघून जा. पुन्हा तोंड दाखवू नकोस.’ मधलं ‘थांब ना’ त्यांनीच पेन्सिलीनं लिहून पुढे ‘चूक’ असा शेरा मारला होता.

चाळीस वर्षांपूर्वी याच नाटकाची नायिका शशिकला दर प्रयोगाला इथेच अडखळायची. ‘निघून जा’ म्हणून नायकाकडे पाठ फिरवायची आणि विंगेत बघत हळूच म्हणायची, ‘थांब ना.’ वाक्य विसरली असं समजून विंगेतला तरुण दामू इमानेइतबारे पुढचं पुरवायचा, “पुन्हा तोंड दाखवू नकोस.” दौरा संपल्यावर ती लग्न करून इंदूरला गेली.

“चूक कसली, काका? जीव जडला की माणूस असंच बोलतं,” मुलगी म्हणाली.

काकांनी पेन्सिल काढून ‘चूक’ हा शेरा खोडला.

“दोन्ही म्हण,” ते म्हणाले, “आणि मी विंगेतून काही पुरवलं, तर ऐकू नकोस.”