दीडपट, दुप्पट

दोनशे अकरा व्हॉइस मेसेज होते. पहिला आठ महिन्यांपूर्वीचा, शेवटचा परवा सकाळचा. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून तिने ते दोनदा मोजले. मग मांडीवर वही घेतली आणि शेजारी बाबांचं स्टॉपवॉच ठेवलं.

आत बाबा उघड्या डोळ्यांनी पडून होते. उजवा हात हलत नव्हता. वाचा गेली होती. छत्तीस वर्षं त्यांनी लघुलेखनाचा वर्ग चालवला होता. मुली माना खाली घालून रेघोट्या ओढायच्या आणि बाबा हे स्टॉपवॉच मुठीत धरून मजकूर सांगायचे. मिनिटाला साठ शब्द, मग ऐंशी, मग एकशे वीस. मधूनच विचारायचे, "मागच्या बाकापर्यंत पोचतंय ना?" घरीही ते एकशे वीसनेच बोलत. आई होती तेव्हा म्हणायची, यांच्याशी भांडायचं म्हणजे परीक्षेलाच बसायचं.

सकाळी डॉक्टरांनी तिला मेंदूचा स्कॅन दाखवला. या मोठ्या झटक्याआधी दोन लहान झटके येऊन गेल्याच्या खुणा त्यात होत्या. पहिल्या वेळीच औषध सुरू झालं असतं, तर हा कदाचित टळला असता, असं ते म्हणाले.

"बोलण्यात काही फरक जाणवला होता का? सावकाश बोलणं, अडखळणं?"

"नाही," ती म्हणाली. "मी रोज ऐकत होते त्यांना. अगदी नेहमीसारखे बोलत होते."

शेजारचे काका तिथेच उभे होते. रोज संध्याकाळी ते बाबांबरोबर बुद्धिबळ खेळायला बसत. ते चाचरत म्हणाले की, मास्तरांचं बोलणं मंदावलं होतं खरं. त्यांना वाटायचं, डाव अंगाशी आला की मास्तर मुद्दाम वेळ काढतात. त्यावरून ते चिडवायचेही.

"तुम्हाला तसं वाटलं असेल, काका," ती म्हणाली. काका चहा आणतो म्हणून खाली गेले.

वाटणं वेगळं, मोजणं वेगळं, हे बाबांचंच वाक्य. वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात ते कायम लिहिलेलं असे. ती पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला लागली तीही त्याच वाक्याच्या बळावर. काकांचं म्हणणं मोजून खोडायचं, असं तिने ठरवलं.

नोकरी दुसऱ्या शहरात होती. तिच्या पाळ्या बदलत्या, त्यामुळे फोनवर बोलायची वेळ जुळत नसे. मग बाबा सकाळच्या चहानंतर दोन-तीन मिनिटांचा मेसेज पाठवू लागले. गळका नळ, जिन्यातलं मांजर, काकांना दिलेला शह. ती लिहून उत्तर द्यायची. यावर त्यांचा ठरलेला विनोद होता: जन्मभर मी बोललो आणि पोरींनी लिहिलं, तू तरी वेगळं काय करतेस?

सुरुवातीला ती नीट बसून ऐकायची. मग बसमध्ये, केस विंचरताना. तिसरा महिना संपता संपता तिला वाटलं, बाबा हल्ली फार लांबण लावतात. तिने फोनमध्ये मेसेज ऐकायचा वेग दीडपट केला. सहाव्या महिन्यात दुप्पट. एकदा बटण दाबलं की वेग तोच राहायचा. त्यामुळे पुढे तिकडे लक्ष द्यायची गरजही पडली नाही.

आता तिने वेग मूळचा केला आणि स्टॉपवॉच सुरू केलं. प्रत्येक मेसेजचं पहिलं मिनिट ऐकायचं, एकेका शब्दाला वहीत एकेक रेघ ओढायची.

पहिला मेसेज: एकशे एकवीस शब्द.

चौथ्या महिन्यातला: ऐंशी. तिने तो पुन्हा लावला, पुन्हा मोजला. ऐंशीच.

मग परवाचा. या मेसेजमध्ये दोन शब्दांच्या मधे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाला काय म्हणतात ते बाबांना आठवत नव्हतं. ते थांबले, पुन्हा त्या वाक्याच्या सुरुवातीला गेले, मग तो विषयच सोडला. शेवटी म्हणाले, "मागच्या... बाकापर्यंत... पोचतंय ना गं?" त्याखाली तिचंच उत्तर होतं: हो.

साठ शब्द.

काका दोन कप घेऊन वर आले. एक त्यांनी तिच्याजवळ ठेवला आणि ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. तिने वहीत प्रत्येक आकड्यासमोर तो मेसेज आला तेव्हा फोनवर लावलेला वेग लिहिला. मग गुणाकार मांडला.

एकशे एकवीसची एकपट, एकशे एकवीस. ऐंशीची दीडपट, एकशे वीस. साठची दुप्पट, एकशे वीस.