हरलेल्याची मिशी

पाचव्या फेरीत जुन्या पक्षाचा उमेदवार सव्वाशे मतांनी पुढे गेला, आणि जुन्या पक्षाच्याच थोरल्या भावाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

सलूनमध्ये तेव्हा तिघंच होते, दोघे भाऊ आणि पोस्टमन. पोस्टमनच्या गालांना फेस आणि हातात मोबाइल. नगरपालिकेच्या मतमोजणीचे आकडे तोच वाचून दाखवत होता. धाकटा त्याची दाढी करत होता. थोरला झाडू घेऊन झाडलेलाच कोपरा पुन्हा झाडत होता.

तुमचा माणूस येतोय, असं पोस्टमननं सांगितलं तर थोरला म्हणाला, येईल येईल, घाई काय आहे. सहाव्या फेरीत नवा पक्ष वर आला तेव्हा मात्र गडी खुलला. स्वच्छ आरशांवरूनही एकदा फडकं फिरवून आला. पोस्टमन चक्रावला. इतक्या वर्षांत त्यानं हे असं उलटं कधी पाहिलं नव्हतं.

या दुकानाची रीत अख्ख्या गल्लीला ठाऊक होती. थोरला जुन्या पक्षाचा, धाकटा नव्या पक्षाचा. नवा आपला म्हणायचा, त्यालाही पंचवीस वर्षं झाली होती. म्हणून वडिलांनी नियम घालून दिला होता. दुकानात राजकारणावरून भांडायचं नाही. निकालाच्या दिवशी हरलेल्यानं खुर्चीत बसायचं, जिंकलेल्यानं आपल्या हातानं वस्तऱ्यानं त्याची मिशी उतरवायची, आणि विषय तिथंच मिटवायचा. मिशी महिन्याभरात परत येते, भाऊ येत नाही, असं म्हातारा म्हणायचा.

पण गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर थोरल्याचा उजवा हात थरथरायला लागला. एका गिऱ्हाइकाच्या कानापाशी वस्तरा नुसता हलला, लागलाही नाही. त्या दिवशी यानं वस्तरा पेटीत टाकला तो टाकलाच. हात चालता ठेवा, नाहीतर कायमचा बसेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. थोरल्यानं मान डोलावली आणि झाडू धरला. त्याची खुर्ची मात्र धाकट्यानं कुणाला दिली नाही. आठ-पंधरा दिवसांनी कुणी ना कुणी कारागीर काम मागायला यायचा, आणि धाकटा त्याला जागा नाही म्हणून सांगायचा. रिकामी खुर्ची दोघांच्या मध्ये.

तर आज स्वारी देव पाण्यात घालून बसली होती, ती आपलाच पक्ष पडावा म्हणून. हरलं तर नुसतं बसायचं होतं. जिंकलं तर वस्तरा धरावा लागणार होता.

शेवटच्या फेरीला जुना पक्ष एकेचाळीस मतांनी निवडून आला.

पोस्टमनची दाढी झाली होती, पण तो जायचं नाव घेईना. धाकट्यानं हात धुतले. थोरला भराभर बोलायला लागला. एकेचाळीस म्हणजे काय मतं झाली, फेरमोजणी होणार. शिवाय पुतणीचं लग्न बारा दिवसांवर आलंय, फोटोत बापाला मिशी नको का. आणि आज उजेडही बरोबर नाही. धाकट्यानं सगळं ऐकून घेतलं, थोरल्याच्या खुर्चीत जाऊन बसला आणि स्वतःच टॉवेल गुंडाळून घेतला.

मग थोरल्याला खरं सांगावंच लागलं.

"मी यंदा तुझ्या माणसाला मत दिलं."

पोस्टमननं मोबाइल खिशात ठेवला. ज्या पक्षाची पत्रकं या माणसानं जन्मभर उन्हातान्हात वाटली, त्याला तो एका वस्तऱ्याच्या भीतीनं फसवून आला होता. सांगताना त्याचे कान लाल झाले होते.

"म्हणजे हरलो मीच," तो म्हणाला. "ऊठ. मी बसतो."

धाकट्याला हसू येत होतं आणि त्याच वेळी भडभडूनही येत होतं. दोन्ही गिळत त्यानं टॉवेलची गाठ घट्ट केली.

"मत कुणालाही दे. पक्ष तुझाच आहे, आणि तो आलाय."

"हात हलतो रे."

"मिशी माझी आहे ना? तिची काळजी मी करीन."

थोरल्यानं पेटी उघडली. वस्तऱ्यात नवं पातं बसवायला तीन खेपा लागल्या. पोस्टमन मदतीला उठायला गेला, तेव्हा धाकट्यानं आरशातूनच डोळे वटारून त्याला खाली बसवलं. फेस लावताना ब्रश निम्मा नाकावर गेला. मग थोरल्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि वस्तरा ओठावर टेकवला. एक बाजू उतरली. तो थांबला, घाम पुसला, पुन्हा मनगट धरलं. दुसरी बाजूही उतरत आली होती, तेवढ्यात हात दचकला आणि ओठावर रक्ताचा ठिपका आला.

थोरला पांढराफटक पडला. तुरटी समोर असून त्याला दिसेना. वस्तरा मिटत तो पेटीकडे वळला.

धाकट्यानं ठिपका टॉवेलच्या टोकानं टिपला आणि आरशात पाहिलं. चेहरा सोललेल्या बटाट्यासारखा दिसत होता.

"मिटू नकोस, दादा. दोन दिवसांची दाढी आहे, तीही करून टाक," तो म्हणाला, आणि टॉवेल खाली सारून, मान मागे टाकून त्यानं डोळे मिटले.