पालथी ताटली

‘मी रोज पहाटे ठरावीक वेळी लिहायला बसते,’ हे वाक्य रुचिकाने खोडलं. धडधडीत खोटं होतं ते. पहाटे ती कणीक मळायला बसायची.

बी.एड.च्या निबंधाचा विषय होता ‘माझी लेखनप्रक्रिया आणि वेळेचे नियोजन’. आप्पाराव सरांनी तो वर्गात तासभर उशिरा येऊन दिला होता. वर दम भरला होता, शनिवारी संध्याकाळच्या आत कागदाचा फोटो ग्रुपवर आला नाही तर अंतर्गत गुण विसरा. आज शनिवार होता आणि ऊन कलायला लागलं होतं.

नवरा, मृत्युंजय, दुकानात होता. तिच्या सासूबाई, शांतादेवी, पालीला बारशाला गेल्या होत्या. जाताना उंबऱ्यातूनच बजावून गेल्या होत्या, “आज नळ येतेत. कागदात डोकं घालून बसू नको. शिकायचं ते शिक, पण घरचं पानी चुकलं तर कॉलेज बंद. आधीच सांगून ठेवते.”

बीडच्या त्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येत, आणि किती वाजता येतील ते कुणाच्या बापाला माहीत नसे. म्हणून घरोघर कोरड्या नळाखाली स्टीलची ताटली पालथी घातलेली असायची. पहिली धार पडली की ताटली वाजे आणि घरातली बाई असेल तिथून उठे. पुरुष उठल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. रुचिकाचे कान तर इतके तयार झाले होते की वर्गात कुणाचा डबा पडला तरी ती बाकावरून अर्धी उठायची. मैत्रिणी हसायच्या.

तिने नवं वाक्य लिहिलं. ‘माझी लिहिण्याची वेळ ताटली वाजेपर्यंतची असते.’ पुन्हा वाचलं. हे खरं होतं. मग त्याला जोडून पुढचं आलं. भाकरी थापताना सुचलेली आणि भाकरी उलटेपर्यंत विसरलेली वाक्यं कुठे जात असतील, असं काहीतरी. मग त्याच्या पुढचं. एकामागून एक येतच राहिली. असं तिच्या बाबतीत कधीच झालं नव्हतं. तिला आनंद झाला, आणि लगेच भीतीही वाटली.

तेवढ्यात ताटली वाजली.

“रुचिकाऽ, नळ आले गं!” शेजारच्या आमिनाबींनी भिंतीपलीकडून हाक दिली.

“आले, आले!” ती ओरडली आणि लिहीतच राहिली.

ताटली तडतडत होती. हातातलं वाक्य सुटायला लागलं, तशी ती चिडून उठली आणि अंगणात गेली. नळाचं पाणी हौदात ओढायची मोटार लावायची म्हणजे तिच्यापाशीच बसून राहावं लागे. ती घडीघडी हवा धरायची, तांब्याने पाणी ओतून तिची मनधरणी करावी लागायची. मग निबंध संपलाच. सुरुवातीचं पाणी गढूळ असतं, सगळेच ते जाऊ देतात, असं तिने स्वतःला समजावलं. तिने ताटली ओढून बाजूला केली. धार मुकाट्याने नळाखालच्या खड्ड्यात पडून गटारीकडे जाऊ लागली. एवढा परिच्छेद झाला की मोटार.

परिच्छेद संपता संपता पुढच्याची सुरुवात सुचली. शेजारपाजारच्या मोटारी घुमत होत्या. ते तिला ऐकू येत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, चांगलं ऐकू येत होतं.

शेवटचं वाक्य लिहून, फोटो काढून, ग्रुपवर टाकून ती धावत अंगणात आली, तेव्हा गल्ली शांत झाली होती. नळातून नुसती हवा फुसफुसत होती. तरी तिने मोटार लावली. मोटार कोरडीच किंचाळली.

शांतादेवी आल्या त्या चपला न काढता थेट हौदापाशी गेल्या. झाकण उचललं. तळाचा गाळ दिसत होता.

“मोटर कावून लावली न्हाई?”

“लिहीत होते, आत्याबाई.”

“असं काय लिहीत होतीस?”

रुचिकाला सांगायची लाज वाटली. पण सांगावं तर लागणारच होतं. “वेळेचं नियोजन.”

शांतादेवींनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. “झालं न्हवं लिहून? मग आता त्याच्यातच पीठ मळ. कॉलेज बास झालं. मृत्युंजय दुकानातून आला की त्याला मीच सांगते.”

एवढं बोलून त्या पायरीवर बसल्या आणि पदराने तोंड पुसत राहिल्या. बाहेर आमिनाबी नुकताच धुतलेला ओटा झाडत होत्या.

रुचिकाच्या हातातला फोन वाजला. ग्रुपवर सरांचा निरोप होता. ‘वेळेअभावी निबंध तपासणे शक्य नसल्याने मुदत पुढील शनिवारपर्यंत वाढविण्यात येत आहे.’ खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली होती. धन्यवाद सर. खूप खूप धन्यवाद सर.

तिने फोन पायरीवर पालथा घातला. बाजूला पडलेली ताटली उचलली, ओच्याने पुसली आणि पुन्हा नळाखाली ठेवली. मग तिथेच उकिडवी बसून राहिली.

नळात कुठेतरी अडकलेला एक थेंब सुटला. ताटली टण्णकन वाजली.

दोघी एकदमच उठल्या.