भिंतीचा नियम

नाचाच्या बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्या विद्यार्थिनींचा कार्यक्रम रविवारी होता, आणि नाट्यगृहाजवळच्या भिंतीवर त्यांनी परवा स्वतःच्या हातांनी चिकटवलेल्या पोस्टरवर फिल्म क्लबचा सेक्रेटरी खुशाल आपलं पोस्टर डकवत होता.

"अहो, डोळे फुटले का तुमचे? ज्याचा कार्यक्रम अजून व्हायचाय त्याच्या पोस्टरला हात लावायचा नाही, हा या भिंतीचा नियम आहे! पोरींनी वर्षभर घाम गाळला, तो काय रिकाम्या खुर्च्यांसाठी?"

"बाई, दुसरीकडे जागाच नाही हो," सेक्रेटरी खळीचा ब्रश पाठीमागे लपवत पुटपुटला.

तेवढ्यात समोरून गाण्याचे मास्तर येताना दिसले आणि बाईंना आणखीच जोर चढला.

"बरे आलात, मास्तर! तुम्हीच याला चार शब्द सुनावा!"

असं म्हणत त्यांनी सिनेमाचं ओलं पोस्टर कोपऱ्याला धरून खस्सकन ओढलं. त्याच्याबरोबर त्यांचं स्वतःचंही निघून आलं, आणि त्याखालच्या जुन्या पोस्टरवरून डोळे मिटून गाण्यात रंगलेले मास्तर बाहेर आले. खाली तारीख होती, कालची.

बाईंचा आवाज एकदम खाली आला. "मास्तर, मला वाटलं, तुमचा कार्यक्रम होऊन गेला."

"तुम्ही चिकटवलंत तेव्हा व्हायचा होता," मास्तर म्हणाले. "आता झाला. वाजवणारे दोघे धरून पाच जण होतो."