चालू इंजिनाची अट

इंजिन चालू असेल तरच मारायचं, असा नियम होता. आणि नावाड्याचं इंजिन तर गेले आठ दिवस रुसून बसलेलं.

"चालू इंजिन भोक पाडून कायमचं बंद केलं तर तेवढा धूर कमी होतो, काका. सरकार पैसे देतं ते त्याचे," धक्क्यावर उभ्या असलेल्या तपासनीस मॅडम म्हणाल्या. वयाने नावाड्याच्या धाकट्या लेकीएवढ्याच, पण हातात सरकारी कागद असला की माणूस मॅडम होतो. दुसऱ्या हातात ड्रिलची पेटी होती. "आधीच बंद पडलेल्या इंजिनावर बॅटरीची नाव मिळत नाही. आणि आज शेवटची तारीख आहे."

म्हणजे आधी जगवायचं आणि मग मारायचं, नावाडी मनाशी म्हणाला. त्याने हँडल मारलं. इंजिनाने एक उसासा टाकला आणि गप्प झालं. पुन्हा मारलं. या खेपेला उसासासुद्धा नाही. नवी नाव मिळाली नाही, तर पलीकडच्या चाळीस घरांना पुलावरून बारा किलोमीटरचा वळसा कायमचा, आणि त्याने घरी बसून माशा मारायच्या. त्याने इंजिनाला एक सणसणीत शिवी हासडली.

"अहो, शिव्या काय देताय! जाणाऱ्याशी कुणी असं बोलतं का?" काठावरच्या घरातून बायको ओरडली. ती ओरडूनच बोलायची. तीस वर्षं नावेत तिकिटं फाडताना या इंजिनाच्या वर आवाज काढावा लागला, तो चढलेला आवाज पुन्हा कधी उतरलाच नाही. मॅडम दचकल्या. नावाड्याला सवय होती.

बायको गरम पाण्याची किटली घेऊन आली. घरातल्या म्हाताऱ्याला अंघोळ घालावी तसं तिने इंजिनाच्या डोक्यावर हळूहळू पाणी सोडलं.

"हं, मारा आता."

इंजिन खोकलं, त्याने काळा धूर ओकला आणि ते धडधडायला लागलं. नावाड्याचे डोळे भरून आले. धुराने म्हणावं, तर धुराने एवढे भरत नाहीत.

"पाच मिनिटं चालू राहायला हवं," मॅडमनी घड्याळ पाहिलं.

दुसऱ्याच मिनिटाला पलीकडच्या काठावर माणसं दिसायला लागली. पाठीला दप्तरं लावलेल्या दोन मुली होत्या, हात गळ्यात बांधलेली एक बाई होती. इंजिन वाजलं म्हणजे नाव निघाली, एवढंच त्यांना ठाऊक. नावाडी त्यांच्याकडे बघत राहिला, मग त्याने मॅडमकडे पाहिलं.

मॅडमनी फॉर्म उलटसुलट करून वाचला. "पाच मिनिटं चालवायचं, एवढंच लिहिलंय. कुठे चालवायचं ते नाही लिहिलेलं," त्या म्हणाल्या आणि नावेत येऊन बसल्या.

परत आल्यावर मुली आणि ती बाई उतरून आपापल्या वाटेने गेल्या. नावाड्याने इंजिन बंद केलं आणि ड्रिल स्वतःच मागून घेतलं.

"परक्याच्या हातून नको."

भोक पडलं. काळं तेल ओघळून खाली आलं. मॅडमनी फोटो काढला, सही घेतली.

"पंधरा दिवसांत नवी नाव येईल, काका. अजिबात आवाज करत नाही," त्या उत्साहाने म्हणाल्या.

"तीच तर पंचाईत आहे, मॅडम. नाव निघाली हे पलीकडच्यांना कळायचं कसं?"

फॉर्मवर यासाठी रकाना नव्हता. धक्क्याच्या खांबांना पाणी लागत होतं, तेही ऐकू येत होतं. तीस वर्षांत नावाड्याने ते कधी कान देऊन ऐकलं नव्हतं.

"अहो, चहा टाकू का?" त्याच्यापासून दोन हातांवर उभी असलेली बायको सवयीने ओरडली.

आणि पलीकडच्या काठावरून, इंजिनाचा आवाज ऐकून धावत आलेला, पण नाव चुकलेला पोस्टमन हात उंच करून ओरडला, "काकू, माझाही टाका!"