पैठणीतली शेवटची फेरी

"पळायचं नाही हं आज! काठाचा एक धागा जरी निघाला ना, तर बघ," आपली पैठणी मला नेसवताना आई बजावत होती. दहावीच्या निरोप समारंभाला आमच्या शाळेत सगळ्या मुली साडी नेसतात. आई पिनांची डबी घेऊन शाळेतही आली. तिचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही.

भाषणं झाली, रडारड झाली, पेढे वाटून झाले. मला मात्र खिडकीतून सारखं मैदान दिसत होतं. वर्षभर तिथं मी रोज पहाटे धावले, गुडघे फोडून घेतले, सरांची बोलणी खाल्ली, जिल्ह्यात तिसरी आले. आज ते सगळं संपत होतं आणि मी शहाण्यासारखी बसून पेढा खात होते!

"ताई, शेवटची एक फेरी?" नववीतली ऋजुता कानात कुजबुजली. पुढच्या वर्षी शाळेकडून तीच धावणार.

झालं! निऱ्या वर खोचून मी मैदानात सुटले. सरांनी सवयीनं शिट्टी फुंकली. पोरं व्हरांड्यातून ओरडायला लागली. पिना पटापट सुटत होत्या, पदर झेंड्यासारखा फडफडत होता, ऋजुता कधीच मागे पडली होती आणि मला हसू आवरत नव्हतं.

"कार्टे, माझी पैठणी!"

मागून आई येत होती. अनवाणी, साडी खोचून, सुसाट. ती मला गाठणार म्हणून मी पदर सावरला, तर ती मला ओलांडून पुढेच गेली.

पैठणी मागे राहिली, तरी आई थांबेना.