रोहिदासकाकांचं लॉगिन

‘परवानगी नाकारली.’ स्क्रीनवर पुन्हा तेच आलं. प्रोग्रॅम दुरुस्त करायला आलेल्या संघर्षने कीबोर्ड बाजूला सारला.

कुरुळीतल्या त्या छोट्या कारखान्यात टेम्पोच्या ब्रेकचे भाग बनत. प्रत्येक लॉटचे चाचणीचे आकडे कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममधून मोठ्या कंपनीच्या सर्व्हरला पाठवायचे आणि तिकडून होकार आला की माल गेटबाहेर. आज सकाळपासून सर्व्हर ओळखच दाखवत नव्हता. भरलेला ट्रक दारात उभा होता. आज माल गेला नाही तर उद्यापासून यायचं कारण नाही, असं मालकांनी हे आकडे पाठवणाऱ्या भाग्यश्रीला बजावलं होतं. नवरा घरी बसल्यापासून सगळं घर तिच्याच नोकरीवर चाललं होतं.

तिने चहाचे कप कोपऱ्यातल्या मशीनवर ठेवले. धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर प्लास्टिक घातलेलं होतं. कप ठेवायला ती जागा बरी पडे.

संघर्ष चिंचवडहून खास याच कामासाठी आला होता. त्याने कॉम्प्युटरचं घड्याळ जुळवलं, पासवर्ड पुन्हा टाकला, जुन्या लॉगिनची साठवलेली माहिती पुसून पाहिली. सर्व्हर ढिम्म हलेना. शेवटी त्याने विचारलं, लॉगिन कोणाचं? रोहिदासकाकांचं, ती म्हणाली. काका इथले चाचणीचे इन्स्पेक्टर. प्रोग्रॅम बसवला तेव्हा त्यांचं नाव टाकलं, मग सगळे त्यावरच काम करू लागले. वेगळं लॉगिन मागायची तसदी कोण घेतो? ऑपरेशननंतर काका मोठ्या रजेवर गेले तरी नाव तेच राहिलं. रोज सकाळी ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जाई आणि त्यांच्या पत्नी, कुसुमताई, तो फोनवर वाचून दाखवत.

“प्रोग्रॅम ठणठणीत आहे, ताई,” संघर्ष म्हणाला. “ओटीपीच चुकीचा येतोय. अजून एकदा चुकला तर खातं लॉक होईल. तुम्ही स्वतः जाऊन बघून घ्या.”

भाग्यश्रीने मोशीच्या ट्रॅफिकमधून स्कूटी कशीबशी संत तुकाराम नगरला काकांच्या घरापर्यंत काढली. कालच कारखान्यातला धम्मरत्न काकांना बघून आला होता आणि आल्यापासून तिच्याशी धड बोलत नव्हता. काकांचं काही बरंवाईट तर नाही ना, असं तिला वाटेभर वाटत राहिलं.

दार कुसुमताईंनी उघडलं आणि त्या आत गेल्या. काका कॉटवर बसले होते. पार वाळले होते, पण मोबाइल त्यांच्याच हातात होता. तिला हायसं वाटलं. कुसुमताईंच्या वाचण्यात काहीतरी चूक होतेय, तेवढा नंबर तुम्हीच सांगा, असं तिने विनवलं.

“चुकीचा सांग म्हणून तिला मीच सांगितलं,” काका म्हणाले. ते रागावलेले नव्हते आणि तेच तिला सोसेना. “चाचणीचं मशीन दिवाळीपासून बंद हाय म्हणे. तुम्ही त्याच्यावर चहाचे कप ठेवता. मग पोरी, माझ्या नावानं रोज कसले आकडे पाठवतेस?”